इब्री लोकांस पत्र: अभ्यासाला बसणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

नव्या करारातलं हे पत्र बहुतेकांना तुकड्यांनी माहीत असतं. विश्वासाची व्याख्या घराच्या भिंतीवर असते, दुधारी तलवारीचं वचन उपदेशात ऐकलेलं असतं, ‘येशू ख्रिस्त काल, आज आणि युगानुयुग सारखाच’ हे तर लहानपणीच पाठ झालेलं असतं. पण तेराही अध्याय सलग वाचलेला माणूस क्वचित भेटतो. सातव्या अध्यायात मलकीसदेक आला की पुष्कळजण पान उलटतात. आमच्या अभ्यासवर्गात वर्षानुवर्षं जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते इथे उत्तरांसह मांडले आहेत.

हे पत्र आहे, तर सुरुवातीला नावगाव का नाही?

पौलाचं कुठलंही पत्र उघडा, पहिल्याच ओळीत त्याचं नाव असतं, मग कोणाला लिहिलंय ते, मग कृपा व शांती. इथे यातलं काहीच नाही. एकदम ‘देव पूर्वी बोलला’ असं सुरू होतं. मूळ ग्रीकमध्ये या पहिल्या वचनात ‘प’ने सुरू होणारे पाच शब्द आहेत: पोलुमेरोस, पोलुत्रोपोस, पालाय, पात्रासिन, प्रोफेताइस. ही कानासाठी केलेली रचना आहे. कागदावर डोळे फिरवणाऱ्यापेक्षा समोर बसून ऐकणारा माणूस लेखकाच्या मनात आहे.

शेवटच्या अध्यायात (१३:२२) लेखक आपल्या लिखाणाला ‘बोधाचं वचन’ म्हणतो. प्रेषितांची कृत्ये १३:१५ मध्ये नेमका हाच शब्दप्रयोग येतो. पिसिदियातल्या अंत्युखियाच्या सभास्थानात, म्हणजे यहूद्यांच्या प्रार्थनागृहात, शास्त्रवाचन झाल्यावर पौलाला विचारतात, लोकांसाठी काही बोधवचन असेल तर सांगा. म्हणजे सभास्थानातल्या प्रवचनाला हे नाव होतं. म्हणून हे प्रवचन आहे, लांबच्या लोकांना पाठवायचं म्हणून शेवटी निरोपाच्या ओळी जोडलेलं, असं मानून वाचलं की पुष्कळ गाठी सुटतात. अभ्यासाच्या पहिल्या दिवशी एकाने मोठ्याने वाचावं आणि बाकीच्यांनी पुस्तक मिटून ऐकावं. साधारण तासाभरात सगळं वाचून होतं.

ते पौलाने लिहिलं ना? आमच्या जुन्या बायबलात तसं छापलं होतं.

पत्रात लेखकाचं नाव नाही. नंतरच्या मंडळीने ते पौलाच्या पत्रांबरोबर ठेवलं. इ. स. २०० च्या सुमाराची पपायरसची एक प्रत उपलब्ध आहे, तिची पानं आज डब्लिन आणि मिशिगन इथे विभागलेली आहेत. तिच्यात हे पत्र रोमकरांस पत्राच्या लगेच मागे येतं. पूर्वेकडच्या मंडळ्यांनी ते पौलाचं म्हणून स्वीकारलं, पश्चिमेकडे चौथ्या शतकापर्यंत कुरबुर चालू होती.

शंका मात्र पहिल्यापासून होती. दुसऱ्या शतकाच्या अखेरचा मंडळीतला शिक्षक, अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट, म्हणाला की पौलाने हिब्रूत लिहिलं आणि लूकने ग्रीकमध्ये आणलं. त्याच सुमाराच्या तर्तुल्यन या ख्रिस्ती लेखकाने पौलाचा सोबती बर्णबा याचं नाव घेतलं. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारक लूथरला अपुल्लोस वाटला, आणि हा अंदाज आजही अनेकांना पटतो, कारण अपुल्लोस अलेक्झांड्रियाचा, वक्ता आणि शास्त्रात निपुण होता. १९०० मध्ये हार्नाक या जर्मन अभ्यासकाने प्रिस्कील्ला या पौलाच्या सहकारी स्त्रीचं नाव पुढे केलं. त्याला आडवा येतो तो ११:३२ मधला स्वतःबद्दल बोलताना वापरलेला एक पुल्लिंगी शब्द. तिसऱ्या शतकात ओरिगेनने म्हटलं की हे कोणी लिहिलं ते खरं देवालाच ठाऊक.

पौल नसावा असं मला वाटतं, आणि त्याचं कारण २:३ मध्ये आहे. तिथे लेखक म्हणतो की तारणाची गोष्ट ज्यांनी प्रभूकडून ऐकली त्यांनी ती आपल्यापर्यंत पोचवली. पौल गलतीकरांना ठासून सांगतो की मला ही सुवार्ता माणसाकडून मिळालेली नाही. तो माणूस २:३ लिहील हे पटत नाही. तरी या प्रश्नावर एका संध्याकाळपेक्षा जास्त वेळ देऊ नका. लेखकाने स्वतःला मागे ठेवलं आहे, आपणही त्याला तिथेच राहू द्यावं.

‘इब्री लोक’ म्हणजे नेमके कोण?

हे शीर्षक मूळ मजकुरातलं नसावं, पण फार जुनं आहे. मजकुरावरून वाचक ओळखता येतात. मोशे, अहरोन, यज्ञ, देवदूत, वाळवंटातली चाळीस वर्षं यांतलं काहीही त्यांना समजावून सांगावं लागत नाही. एक उल्लेख केला की पुरतो. ते येशूला मसीहा मानणारे यहूदी असावेत, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

ते कुठे राहत होते? काहीजण यरुशलेम म्हणतात. माझा कौल रोमला. १३:२४ मध्ये ‘इटलीचे लोक तुम्हाला सलाम सांगतात’ असं आहे, म्हणजे घरापासून दूर असलेली माणसं घरी निरोप पाठवत असावीत. शिवाय या पत्राचा सर्वांत जुना माग रोममध्येच लागतो. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या मंडळीने करिंथला जे पत्र पाठवलं, त्यात इब्रीच्या पहिल्या अध्यायातल्या ओळी जवळजवळ जशाच्या तशा आहेत.

पण ठिकाणापेक्षा त्यांची अवस्था महत्त्वाची. १०:३२–३४ वाचा. पूर्वी त्यांनी चारचौघांत अपमान सोसला, तुरुंगातल्या भावांना साथ दिली, मालमत्ता लुटली गेली तरी आनंदाने सहन केलं. इ. स. ४९ मध्ये सम्राट क्लौद्याने यहूद्यांना रोममधून हाकललं, त्या वेळची ही आठवण असू शकते. आता मात्र ते थकले आहेत. काहीजणांनी एकत्र जमणं सोडलं आहे (१०:२५). हात गळाले आहेत, गुडघे लटपटत आहेत (१२:१२). कोणी मोठं पाप केलंय असं नाही, फक्त दम संपत आला आहे. हे पत्र त्या दमलेल्या माणसांशी बोलतं, हे विसरलं की ते कोरडं वाटू लागतं.

लिहिलं कधी?

पहिल्या शतकाच्या अखेरीच्या आधी. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचं मंदिर पाडलं, आणि या पत्रात यज्ञांबद्दल वर्तमानकाळात लिहिलेलं आहे, म्हणून ७० पूर्वीचं असं अनेकजण म्हणतात. हा पुरावा दिसतो तेवढा पक्का नाही, कारण योसेफस या पहिल्या शतकातल्या यहूदी इतिहासकारानेही मंदिर पडल्यावर तिथल्या विधींबद्दल वर्तमानकाळात लिहिलं आहे. १२:४ मध्ये ‘तुम्ही अजून रक्त सांडेपर्यंत झुंजला नाहीत’ असं आहे. वाचक रोमचे असतील तर हे नीरोने इ. स. ६४ मध्ये केलेल्या छळाच्या आधीचं असावं. मला हे अधिक पटतं.

सुरुवात करण्याआधी जुन्या करारातलं काय वाचावं?

लेवीय १६, उत्पत्ति १४, गणना १३ व १४, स्तोत्र ९५, स्तोत्र ११० आणि यिर्मया ३१. एवढं वाचून आलात तर अर्धा अभ्यास झाला म्हणून समजा. त्यातही एकच निवडायचं असेल तर लेवीय १६.

लेवीय १६ वर एवढा भर का?

कारण पत्राचा गाभा, आठव्यापासून दहाव्या अध्यायापर्यंतचा, त्या एका दिवसाभोवती उभा आहे. सातव्या महिन्याचा दहावा दिवस, प्रायश्चित्ताचा दिवस, योम किप्पूर. वर्षातून एकदाच, फक्त प्रमुख याजक, साधी तागाची वस्त्रं घालून पडद्याच्या आत परमपवित्रस्थानात जायचा. आधी स्वतःच्या पापांसाठी गोऱ्हा. मग दोन बकऱ्यांवर चिठ्ठ्या: एक परमेश्वरासाठी, तो कापला जायचा. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून लोकांची पापं कबूल करायची आणि त्याला रानात सोडायचं. आत जाताना धूपाचा ढग, दयासनावर, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या कराराच्या कोशाच्या झाकणावर, रक्ताचा शिडकावा. बाहेर लोक उपाशी थांबलेले. आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

हे ‘पुन्हा तेच’ लेखकाने धरलं आहे. याजक दररोज उभा राहून सेवा करतो, असं तो १०:११ मध्ये म्हणतो. काम कधी संपत नाही म्हणून उभा. आणि लगेच पुढच्या वचनात ख्रिस्त एकच यज्ञ अर्पून ‘बसला’. उभा आणि बसला, या दोन क्रियापदांवर सगळा युक्तिवाद तोलला आहे. ‘एकदाच’ हा शब्द ७:२७, ९:१२ आणि १०:१० मध्ये शोधून त्याखाली रेघ मारा.

मराठी वाचकाने इथे एक काळजी घ्यावी. ‘प्रायश्चित्त’ म्हटलं की आपल्या मनात धर्मशास्त्रातलं प्रायश्चित्त येतं, जे पाप करणाऱ्याने स्वतः घ्यायचं असतं: उपास, दान, व्रत. लेवीय १६ मध्ये लोक उपास करतात, पण प्रायश्चित्त त्यांच्यासाठी दुसरा कोणी करतो. शब्द तोच असला तरी करणारा बदलला आहे. हे वेगळेपण सुटलं तर नववा अध्याय डोक्यावरून जातो.

हा सण आपल्या मातीला परका नाही, हेही जाणून घ्या. कोकणातले बेने इस्राएल, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ज्यांना शनिवार तेली म्हणत, ते पिढ्यानपिढ्या योम किप्पूर पाळत आले. मराठीत ते त्याला दरफाळणीचा सण म्हणायचे. दारं लावून घरात राहायचं आणि उपास करायचा. अलिबागच्या परिसरात मराठी बोलणारी माणसं हा दिवस पाळत होती, हे मला कळलं तेव्हा नववा अध्याय एकदम जवळचा वाटला.

लेखक मंदिराबद्दल न बोलता निवासमंडपाबद्दलच का बोलतो?

मंदिर हा शब्द या पत्रात येतच नाही. लेखक थेट निवासमंडपाकडे, म्हणजे मोशेच्या वाळवंटातल्या उपासनेच्या तंबूकडे जातो, कारण त्याचा आधार निर्गम २५:४० आहे: डोंगरावर दाखवलेल्या नमुन्याप्रमाणे सगळं कर. नमुना असेल तर मूळ वस्तू वेगळी आहे, पृथ्वीवरचा तंबू तिची छाया आहे, असा त्याचा तर्क. शिवाय वाळवंटातला तंबू प्रवासातला असतो, आणि वाचकांनाही तो प्रवासीच म्हणतो. त्या काळच्या मंदिरातल्या परमपवित्रस्थानात कराराचा कोशही नव्हता. इ. स. पूर्व ६३ मध्ये रोमन सेनापती पाँपी आत शिरला तेव्हा त्याला ती जागा रिकामी दिसली.

९:४ मध्ये चूक आहे का? धूपवेदी पडद्याच्या आत कशी?

निर्गम ३०:६ प्रमाणे धूपवेदी पडद्याच्या अलीकडे होती, हे खरं. इथला ग्रीक शब्द ‘थुमियातेरियोन’ धूपपात्रालाही वापरतात, आणि प्रायश्चित्ताच्या दिवशी याजक धूपपात्र आत नेत असे. म्हणून काहीजण तसं भाषांतर करतात. दुसरं उत्तर असं की वेदी जागेने बाहेर असली तरी तिचं काम आतल्या दालनाशी जोडलेलं होतं. मला दुसरं जास्त पटतं. पण लेखक स्वतःच पुढच्या वचनात म्हणतो की यांविषयी सविस्तर सांगायची ही वेळ नाही, तर आपणही पुढे जाऊ.

मलकीसदेक कोण? तो येशूच होता का?

उत्पत्ति १४ मध्ये तो तीन वचनांपुरता येतो. शालेमचा राजा आणि परात्पर देवाचा याजक. अब्राहामाला भाकर व द्राक्षारस देतो, आशीर्वाद देतो, दशमांश घेतो आणि निघून जातो. मग थेट स्तोत्र ११०:४ मध्ये एक ओळ: ‘मलकीसदेकाच्या संप्रदायाप्रमाणे तू युगानुयुग याजक आहेस.’ या स्तोत्राचं पहिलं वचन नव्या करारात ठिकठिकाणी येतं, चौथ्या वचनावर मात्र फक्त याच लेखकाचं लक्ष गेलं.

त्याला अडचण सोडवायची होती. येशू यहूदा वंशाचा. नियमशास्त्राप्रमाणे याजक लेवी वंशातला हवा. मग तो याजक कसा? लेखक दाखवतो की लेवीच्या आधीही एक याजकपण होतं, आणि लेवीच्या पणजोबाने, अब्राहामाने, त्याच्यापुढे मान झुकवली होती. ‘बाप नाही, आई नाही, वंशावळ नाही’ (७:३) याचा अर्थ तो आकाशातून पडला असा होत नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात पानोपानी वंशावळ्या आहेत, आणि एवढ्या मोठ्या माणसाची एकही नाही. त्या मौनावर लेखक बोट ठेवतो. ‘देवाच्या पुत्रासारखा’ असं तो म्हणतो. सारखा म्हणजे तोच नव्हे.

त्या काळी या नावाभोवती बरीच उत्सुकता होती. १९५६ मध्ये मृत समुद्राकाठच्या कुम्रानच्या अकराव्या गुहेत सापडलेल्या एका गुंडाळीत मलकीसदेक शेवटच्या काळात न्याय करणारा स्वर्गीय पुरुष म्हणून येतो, आणि तिथेही संदर्भ प्रायश्चित्ताच्या दिवसाचाच आहे. आपल्या लेखकाने ती वाचली होती असं म्हणायला आधार नाही, पण वाचकांच्या कानाला हे नाव नवखं नसावं.

उद्धरणं जुन्या कराराशी ताडून पाहिली तर जुळत नाहीत. का?

लेखक सेप्तुआजिंत म्हणजे जुन्या कराराचं ग्रीक भाषांतर वापरतो, आणि आपला मराठी जुना करार हिब्रूवरून केलेला आहे. सर्वांत ठळक उदाहरण स्तोत्र ४०:६. हिब्रूत ‘तू माझे कान उघडले’, ग्रीकमध्ये आणि इब्री १०:५ मध्ये ‘तू माझ्यासाठी शरीर सिद्ध केलं’. कान उघडले म्हणजे आज्ञा पाळायला तयार केलं, आणि आज्ञा पाळायची तर सगळ्या शरीराने. आशय तुटत नाही, पण फरक दिसतो तो लपवू नका. वर्गात दोन्ही उतारे शेजारी ठेवून वाचा.

६:४–६ वाचून झोप उडाली. मी विश्वासापासून दूर गेलो होतो. मला परतीची वाट बंद आहे का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे, आणि बहुधा वर्ग संपल्यावर, बाकीचे गेल्यावर. म्हणून सावकाश उत्तर देतो.

आधी हे मान्य करू की वचन कठीण आहे. ज्यांना प्रकाश मिळाला, ज्यांनी स्वर्गीय दानाची चव घेतली, त्यांचं पतन झालं तर त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं ‘अशक्य’. शब्द तोच आहे, सौम्य करता येत नाही. इ. स. २५० च्या सुमारास देकियस बादशहाच्या छळात ज्यांनी भीतीने विश्वास नाकारला, त्यांना परत घ्यायला रोममधल्या नोवेशन या पुढाऱ्याच्या गटाने नकार दिला, त्या कडक भूमिकेला हा उतारा आधार वाटला. लूथरला तो एवढा अवघड गेला की १५२२ च्या आपल्या नव्या करारात त्याने हे पत्र शेवटी नेऊन ठेवलं. कॅल्विनच्या परंपरेत म्हणतात की अशी माणसं मुळात खरी विश्वासणारी नव्हतीच. वेस्लीच्या परंपरेत म्हणतात की खरा विश्वासणाराही खरोखर गळून पडू शकतो. तुमची मंडळी कुठल्या परंपरेतली आहे त्यावर तुम्ही काय ऐकलं हे ठरतं.

आता उतारा कोणाला उद्देशून आहे ते पाहा. लेखक काठावर उभ्या असलेल्यांना ओढून धरतो आहे. तीन वचनांनंतर, ६:९ मध्ये, पत्रात एकदाच तो त्यांना ‘प्रियजनहो’ म्हणतो आणि सांगतो की तुमच्याविषयी आम्हाला याहून चांगल्या गोष्टींची खातरी आहे. दरीच्या कडेला ‘पुढे जाऊ नकोस, पडलास तर संपलं’ असं ओरडणारी आई खाली पडलेल्या मुलाला सोडून घरी जात नाही. उतारा वर्णन करतो तो ख्रिस्ताला उघडपणे झिडकारून तिथेच ठाण मांडून बसलेल्याचं. रात्री झोप न लागणारा, परत यायचं म्हणून विचारणारा माणूस त्या वर्णनात बसत नाही. त्याच्यासाठी याच पत्रात ४:१६ आहे: धैर्याने कृपेच्या राजासनाजवळ या. हे दोन्ही उतारे एकाच हाताने लिहिले आहेत. सहावा अध्याय कोणाला हाकलून द्यायला वापरला जात असेल, तर तो उलटा वाचला जात आहे.

मराठीत वाचताना कोणत्या शब्दांवर थांबावं?

‘करार’ हा पहिला. ग्रीक ‘दियाथेके’ म्हणजे करारही आणि मृत्युपत्रही. ९:१६–१७ मध्ये लेखक अचानक मृत्युपत्र करणाऱ्याच्या मरणाबद्दल बोलतो, तेव्हा मराठीत विषय बदलल्यासारखा वाटतो. ग्रीकमध्ये शब्द तोच चालू आहे.

दुसरा ‘नांगर’, ६:१९ मधला. शेतातला नव्हे, तारवाचा. कोळीवाड्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही की नांगर खाली पाण्यात सोडतात. इथे तो वर, पडद्याच्या आत जाऊन रुततो. २:१ मधला ‘वाहवत जाणं’ हाही पाण्याचाच शब्द आहे: होडी धक्क्यापाशी येऊन न लागता, प्रवाहाबरोबर पुढे निघून जाते. कोणी वल्ही मारून दूर गेलेलं नसतं, फक्त बांधायचं राहिलेलं असतं.

तिसरा ‘अधिक चांगला’. ग्रीक ‘क्रेइत्तोन’ या पत्रात तेरा वेळा आहे. प्रत्येक वेळी कशापेक्षा चांगला ते वहीत लिहीत जा.

म्हणजे यहूदी धर्म टाकाऊ ठरवला आहे का?

आठव्या अध्यायात जुना करार जीर्ण झाला असं म्हटलं आहे, आणि पुढच्या शतकांत ख्रिस्ती लोकांनी ते वाक्य यहूद्यांविरुद्ध वापरलं. त्याचे परिणाम युरोपात भयंकर झाले. हे माहीत असूनच हा अध्याय शिकवला पाहिजे. ‘जीर्ण’ हा निष्कर्ष लेखक यिर्मया ३१ मधून काढतो, म्हणजे यहूदी संदेष्ट्याच्याच शब्दांतून. जुन्या करारातलं एवढं लांब उद्धरण नव्या करारात दुसरीकडे नाही, आणि त्यात नवा करार ‘इस्राएलाच्या घराण्याबरोबर’ आहे. ‘ख्रिस्ती’ हा शब्द पत्रात नाही. विश्वासाचे नमुने म्हणून अकराव्या अध्यायात जी नावं येतात ती सगळी इस्राएलाच्या शास्त्रातली आहेत, आणि ११:३५ मध्ये मक्काबी काळातल्या, म्हणजे इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातल्या, यहूदी हुतात्म्यांचीही सावली आहे. हा एकाच घरातला, तळमळीचा वाद आहे. बाहेरच्याने तो ऐकून घरातल्यांना शिव्या देऊ नयेत.

कोणतं मराठी भाषांतर घ्यावं?

बायबल सोसायटीचं प्रचलित भाषांतर वर्गात सर्वांकडे असतं, त्यावरच चालवा. सोबत एक सोप्या भाषेतलं ठेवा, आणि मिळालं तर पंडिता रमाबाईंचं. केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून ते केलं आणि १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी पूर्ण केलं. संस्कृतात मुरलेल्या एका मराठी बाईने उतारवयात या भाषांशी झुंज घेतली, याचा मला फार आदर वाटतो.

तेराव्या अध्यायात विषय एकदम बदलतो. पाहुणचार, तुरुंग, लग्न, पैसा. हे मागून जोडलं आहे का?

काहींनी तसं म्हटलं आहे, मला तसं वाटत नाही. १३:११–१३ बघा. प्रायश्चित्ताच्या दिवशी ज्या पशूंचं रक्त आत नेलं जाई, त्यांची शरीरं छावणीबाहेर जाळत. येशूनेही वेशीबाहेर दुःख सोसलं. ‘म्हणून आपण छावणीबाहेर त्याच्याकडे जाऊ.’ नवव्या अध्यायात आपण पडद्याच्या आत जात होतो, इथे वेशीच्या बाहेर. आणि बाहेर कोण भेटतं? परका पाहुणा, बेड्यांतला भाऊ, ज्याला मार बसतो आहे तो. पहिल्या वचनांतली यादी तिथलीच आहे.

मग अगदी शेवटी, एवढा मोठा विचार मांडून झाल्यावर, लेखक एक घरगुती बातमी देतो. आपला भाऊ तीमथ्य सुटला आहे. तो लवकर आला तर त्याच्याबरोबर मी तुम्हाला भेटायला येईन.